गाजलेल्या, पण मला न झेपलेल्या मालिका

ब्रेकिंग बॅडबद्दल 'पहिला सीझन कसाबसा रेटा, पुढे मजा येते' असं बरेच जण सांगतात. पहिला सीझन जेमतेम ७ भागांचा, तेवढा रेटला. लेखन, अभिनय उत्तमच, वादच नाही. पण त्याचा नायक, साधा शिक्षक असलेला वॉल्टर व्हाइट, गुन्हेगारीत एकेक पायरी खाली उतरत जातो तेव्हा उत्सुकता वाटायच्या ऐवजी माझा जीव गुदमरतो. दिवसभर डोकं पिकल्यावर रात्री पुन्हा हा ताण विकत कशाला घ्या? बरं, 'आवडली नाही' म्हटलं की लोक लगेच 'तुला कळली नाही' म्हणतात. कळली हो, म्हणूनच बंद केली!

गेम ऑफ थ्रोन्समध्ये घराणी आणि नातीगोती लक्षात ठेवतानाच दमछाक झाली. त्यातून ज्याच्यात जरा जीव गुंतला, त्या नेड स्टार्कचं मुंडकं नवव्या भागात उडवलं. (रसभंग झाला असल्यास क्षमस्व, पण २०११ची गोष्ट आहे.)

फ्रेंड्स या विनोदी मालिकेचं चित्रीकरण बहुतांशी प्रेक्षकांसमोर व्हायचं, म्हणजे मागून ऐकू येणारा हशा बराचसा खरा, हे माहीत आहे. तरी वाक्यावाक्याला हशा आला की मी हट्टाने हसत नाही. त्यातल्या चँडलर या पात्राच्या सुट्या क्लिप्स मात्र कितीही वेळ बघू शकते.