पान्यावर उभं राहू नका

गाडीचं चाक बसवताना पान्यावर उभं राहून नट आवळा, असं एकांनी सांगितलंय. कृपया तसं करू नका. 60 किलोचा माणूस फूटभर लांब पान्याच्या टोकावर उभा राहिला की जवळपास 180 न्यूटन-मीटर जोर पडतो. बहुतेक लहान गाड्यांना 85 ते 110 पुरतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. जादा जोराने स्टड (ज्यावर नट बसतो तो आटेदार दांडा) ताणला जातो. माझा एक स्टड असाच पंक्चरवाल्याकडे तुटला, आटे नटातच अडकून राहिले.

चाक अधांतरी असताना सगळे नट आधी हातानेच फिरवा, निमुळती बाजू रिमकडे. मग जॅक उतरवून समोरासमोरचे आवळत जा, शेवटी टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराइतकंच आवळता येणारा पाना) वापरा. आट्यांना तेल अजिबात नको, त्याने तेवढ्याच जोरात स्टडवरचा ताण वाढतो. 50-100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.