विदर्भातल्या पोरीचं नाव दमयंती का नको?

सीताबर्डीकर: भाचीचं बारसं तोंडावर आलंय आणि घरात नुसता मायरा-कियाराचा गजर. दमयंती हे आपल्या मातीतलं नाव, ते कोणाला सुचत नाही. महाभारताच्या वनपर्वात विदर्भाच्या भीम राजाला दमन ऋषींच्या वरानं दमयंती आणि दम, दांत, दमन ही मुलं झाली. धातू 'दम्', म्हणजे वठणीवर आणणारी. स्वयंवरात चार देव हुबेहूब नल होऊन बसले. देवांना घाम नाही, पापणी लवत नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत. नलाची माळ कोमेजलेली, अंगावर धूळ. तेवढ्यावरून तिनं माणूस ओळखला. (नागपूरच्या मे महिन्यात हे आपल्यालाही जमेल.)

संत्राबर्फी: काहून पोरीच्या मागं लागता बावा? वर्गात 'दमा' म्हणतील. अन् तो नल तिचं अर्धं वस्त्र फाडून, तिला जंगलात निजलेली टाकून पळाला. असलं नाव कशाला?

सीताबर्डीकर: गोष्ट अर्ध्यात सोडू नका. नल अयोध्येत असावा अशा संशयावरून दुसऱ्या स्वयंवराची हूल तिनंच तिथं उठवली, तीही दुसऱ्याच दिवसाची. अयोध्येहून इतक्या वेगानं रथ फक्त नल हाकू शकतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. बरोबर सापडला.

इंदोरा_गल्ली: 'आपल्या मातीतलं' म्हणजे कोणाच्या? माझ्या आजीचं नाव कचरी. १९५६च्या दीक्षेनंतर तिनं लेकीचं नाव संघमित्रा ठेवलं. राजकन्या आमच्या घरात कधी नव्हत्याच.

संत्राबर्फी: कचरी, धोंडी ही नावं नजर लागू नये म्हणून बाकीच्या जातींतही ठेवत.

इंदोरा_गल्ली: ठेवत असतील. आजीला मात्र ते कोणी प्रेमानं ठेवल्याचं आठवत नव्हतं.

रामटेकवाला: पुराण नको तर इतिहास घ्या. प्रभावती! गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक, विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटकांची सून. नवरा रुद्रसेन गेला, मुलं लहान. नंदिवर्धनहून, म्हणजे आपल्या नगरधनहून, राज्य हिनं चालवलं. पुण्याच्या ताम्रपटात वंशावळ सुरू होते ती माहेरच्या गुप्तांची. गोत्रही तिनं माहेरचंच सांगितलं, धारण.

इंदोरा_गल्ली: ही बाई पटली.

संत्राबर्फी: गच्चीवरून "प्रभावतीऽऽ" अशी हाक मारून पाहा. पोरगी राहील बाजूला, मोहल्ल्यातल्या दोन आज्या ओ देतील.

सीताबर्डीकर: मी दमयंतीवर ठाम. फक्त गुरुजींनी अक्षर 'टो' काढलंय.

रामटेकवाला: ते पत्रिकेपुरतं राहू द्या, जन्मदाखल्यावर कोणी अक्षर विचारत नाही.

संत्राबर्फी: टोपाबाई.