साखर बंद केली की ल्युकेमिया उपाशी मरतो?

वर कुणीतरी लिहिलंय की साखर बंद केली की ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) पेशी उपाशी मरतात. अहो, लिव्हर प्रोटीनपासूनही ग्लुकोज बनवतंच की! इथे पुण्यात ओळखीच्या एका काकांनी किमो चालू असताना भात, फळं सगळं सोडलं, वजन तेवढं उतरलं.

खरी गंमत वेगळीय, ऑक्सिजन भरपूर असतानाही या पेशी बरंचसं ग्लुकोज अर्धवट वापरून लॅक्टेट बाहेर टाकतात (ऑटो वॉरबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात ट्यूमरमध्ये हेच पाहिलेलं), अशा एका ग्लुकोजमागे एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) मिळतात २, पूर्ण जाळलं तर ३० च्या आसपास, पण भराभर वाढायचं तर डीएनए बांधायला कच्चा मालही लागतो ना, तो या वाटेवरच्या फाट्यांवर मिळतो. लिम्फोमाचा (लसीका ग्रंथींच्या कॅन्सरचा) पेट स्कॅन, म्हणजे ग्लुकोजसारखा किरणोत्सारी पदार्थ देऊन तो कुठे जास्त शोषला जातो ते बघणारी तपासणी, याच हावरटपणावर चालतो. आणि एएमएलच्या (ल्युकेमियाचाच एक प्रकार) स्टेम पेशी, म्हणजे आजाराच्या मूळ पेशी, तर बऱ्याचदा मायटोकॉन्ड्रियावरच (पेशीतली ऊर्जाघरं, तिथे चरबी आणि प्रोटीनचे घटकही जळतात) जास्त अवलंबून असतात, त्यामुळे नुसती साखर धरून बसण्यात अर्थ नाही.