ऐनू लोकांची जुनी छायाचित्रे आणि प्रवासवर्णनांतली चित्रे : ‘छायाचित्रावरून’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न

ब्रिटिश प्रवासी इझाबेला बर्ड १८७८ साली जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावर, तिथल्या मूळ रहिवासी ऐनू लोकांच्या बिरातोरी या गावी, बेन्री या गावप्रमुखाच्या घरी राहिल्या आणि त्यांचे प्रवासवर्णन १८८० मध्ये प्रसिद्ध झाले. तीन चित्रे सोडली तर बाकीची आपल्या रेखाटनांवरून किंवा जपानी छायाचित्रांवरून कोरली आहेत, असे त्या प्रस्तावनेत सांगतात. मी ऐनू वस्त्रांवर लेख लिहीत आहे. छायाचित्रावरून कोरलेले चित्र वस्त्राचा पुरावा म्हणून वापरता येईल का?

प्रतिसाद १

जपूनच वापरावे. त्या काळी पुस्तकाच्या मजकुराबरोबर छायाचित्र थेट छापण्याची सोय रुळलेली नव्हती. त्यामुळे कारागीर बॉक्सवुडच्या कठीण ठोकळ्यावर चित्र कोरत असे आणि मोठ्या चित्रासाठी असे अनेक ठोकळे जोडले जात. छायाचित्रातली सावली सलग असते, अशा ठोकळ्यावरून छापलेल्या ठशात मात्र ती रेघांनीच दाखवावी लागते. ऐनूंचा ‘अत्तुश’ हा अंगरखा झाडाच्या अंतरसालीच्या धाग्यांनी विणलेला असतो. त्याच्या घडीत सावलीसाठी ओढलेल्या समांतर रेघा वाचकाला सहज कापडावरचे पट्टे वाटतात. मी स्वतः बाहीवरच्या अशा रेघांना बराच काळ नक्षी समजत होतो. मूळ छायाचित्र शेजारी ठेवल्यावरच चूक कळली.

प्रतिसाद २

मूळ छायाचित्र कोणी आणि कशासाठी काढले, हेही पाहायला हवे. जपानच्या मेइजी सरकारने १८६९ साली होक्काइदोच्या वसाहतीसाठी ‘काइताकुशी’ हे खाते स्थापन केले. हाकोदातेचे तामोतो केन्झो यांनी या खात्यासाठी छायाचित्रे काढली. ऑस्ट्रियाचे बॅरन श्टिलफ्रीड १८७२ मध्ये याच खात्याच्या कामासाठी तिकडे गेले आणि त्यांची छायाचित्रे १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात मांडली गेली. म्हणजे ज्या खात्याने ऐनूंच्या भूमीवर वसाहत उभी केली आणि १८७१ साली त्यांच्या मुलींना गोंदण्यावर बंदी घातली, त्याच खात्याने त्यांची चित्रेही काढवून घेतली. समोर बसलेल्या माणसाला त्यात किती बोलता आले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर, विल्यम जॉन्सन यांनी १८६० च्या दशकातल्या मुंबईच्या जातीजमातींवरील ग्रंथात स्टुडिओतली माणसे कापून वेगळ्याच पार्श्वभूमीवर बसवली होती. त्यामुळे चेहरा खरा असला, तरी मागचे घर त्याचेच आहे असे धरून चालू नये.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. ऐनू स्त्रियांच्या ओठांभोवतीच्या गोंदणाचे काय? ठशात ते अगदी काळेभोर आणि रेखीव दिसते.

प्रतिसाद १

तो काळेपणा ग्राह्य धरू नका. काजळीने केलेले ते गोंदण निळसर काळे असते, आणि त्या काळी छायाचित्रासाठी वापरल्या जाणाऱ्या, कोलोडियन या रसायनाचा लेप दिलेल्या ओल्या काचेवर निळा रंग फिका तर लाल रंग गडद उमटतो. त्यामुळे छायाचित्रात गोंदण पुसट आणि ओठ गडद येण्याचा संभव असतो. दोन्हींमधली कड कुठे ओढायची, हे मग कोरणाराच ठरवतो. लेखात ठसा आणि छायाचित्र शेजारी शेजारी छापा, आणि कापडाचे वर्णन मात्र संग्रहालयात जतन केलेला अत्तुश पाहूनच लिहा.