भराव टाकून तुमचं घर कोरडं राहिलं, पण पाणी गेलं कुठं?

गल्लीतली_ताई:
काल इथे एका गृहस्थांनी लिहिलं, “नागपूरच्या 23 सप्टेंबर 2023 च्या पुरातही आणि परवा 20 जुलै 2024 च्या पावसातही माझ्या घरात थेंब आला नाही, कारण प्लॉटवर चार फूट मुरूम टाकून मग बांधलं. रडत बसण्यापेक्षा ज्यानं त्यानं आपलं घर उंच करून घ्यावं.” खाली सगळ्यांची वाहवा. वाचलं आणि राहवलं नाही.

भाऊ, मी तुमच्याच ले-आउटमध्ये राहते, तुमच्या मागच्या गल्लीत. तुमचा प्लॉट रिकामा होता तेव्हा वरच्या गल्ल्यांचं पाणी त्यातून उतरून नाल्याला लागायचं. तरोटा माजायचा, डास व्हायचे, मान्य. पण पाण्याला वाट होती. तुम्ही भराव टाकला, तिन्ही बाजूंनी भिंत घातली आणि ते पाणी वळून आमच्याकडे आलं. 2023 च्या त्या रात्री काही तासांत शंभर मिमीच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, डागा ले-आउट आणि कॉर्पोरेशन कॉलनीचं काय झालं ते साऱ्या शहरानं पाहिलं. आमच्याकडे नागनदी आलीच नव्हती. तुमच्या भिंतीला धडकलेलं पाणी आलं.

आदल्या दिवशी आमच्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण झालं होतं. पाणी आधी गेटातून आलं नाही, न्हाणीच्या जाळीतून वर आलं, मग संडासातून. काळं, वास मारणारं. पुरणाचं पातेलं ओट्यावर राहिलं, खाली ठेवलेले गहू-तांदूळ, फ्रिज, दिवाणातल्या गाद्या गेल्या. समोरचे काका वरून ओरडले, आधी मेन स्विच पाडा, बाकी राहू द्या. त्यांच्या मुलानं सासूबाईंना खुर्चीसकट वर नेलं. गल्लीतल्या चार घरांचे महालक्ष्म्यांचे मुखवटे आणि त्यांच्या पिल्लांच्या मूर्ती त्या रात्री काकांच्या एका दिवाणावर, उशांना टेकवून. दुसऱ्या दिवशीच्या अक्षता तिथेच पडल्या.

सरकारनं दहा हजार दिले. त्यात फ्रिजही येत नाही, पण तो वेगळा विषय. एकानं प्लॉट उचलला की शेजारी खड्ड्यात जातो. मग तो उचलतो, मग त्याच्या पुढचा. ज्याची ऐपत नाही त्यानं काय करायचं?

प्लॉटधारक_पश्चिम:
ताई, तो गृहस्थ मीच. प्लॉट रजिस्ट्रीचा, नकाशा मंजूर, घर बँकेच्या कर्जावर. माझा प्लॉट हा काय सरकारी नाला होता? रिकामा होता तेव्हा गल्लीतल्या प्रत्येकानं तिथे घरकामाचा मलबा टाकला, गणपतीचं निर्माल्य टाकलं, गाड्या लावल्या. पायवा खोदताना निघालेला कचरा मी स्वतःच्या पैशानं उचलला. तेव्हा शेजारधर्म कुठं होता? आणि चार फूट भराव मी हौसेनं टाकला काय? समोर सिमेंट रोड झाला आणि रस्ता प्लॉटच्या दीड फूट वर गेला. मी जमिनीच्या पातळीला बांधलं असतं तर आज माझ्या हॉलमध्ये बेडूक असते.

नरेंद्रनगरवाला:
आता खरं बोलले भाऊ. मूळ दुखणं सिमेंट रोडच. आमच्या घराला पूर्वी तीन पायऱ्या चढून जावं लागे, आता गेट उघडलं की एक पायरी खाली उतरून राहिलो. जुना डांबरी रस्ता खोदायचा सोडून त्याच्यावरच सिमेंट ओतलं. गेट कापलं, ओट्याला बांध घातला, तरी पाणी येते. नरेंद्रनगरच्या पुलाखाली दर पावसाळ्यात गाड्या बंद पडतात, ते काय त्या भाऊच्या भिंतीनं?

साइट_इंजिनियर:
सिमेंट रोडला शिव्या देणं सोपं आहे. डांबरी रस्ता इथल्या काळ्या मातीवर दोन पावसाळे टिकत नव्हता, खड्ड्यांवरही तुम्हीच ओरडत होते. दोष सिमेंटचा नाही, लेव्हलचा आहे. जुना थर खोदून काढला, रस्त्याला दोन्हीकडे उतार दिला आणि पाणी नालीत जायला भोकं मोकळी ठेवली तर घरात पाणी येत नाही. माझ्या साइटवर आम्ही खोदूनच केलं.

नरेंद्रनगरवाला:
तुमच्या साइटवर केलं असेल. आमच्या इथे कंत्राटदाराच्या माणसाला मी हात जोडून सांगितलं की लेव्हल घ्या. तो म्हणाला, साहेबांना विचारा. साहेब म्हणाले, वरून असंच आलं आहे. वर म्हणजे कुठं ते आजवर कळलं नाही. तुम्ही कंत्राटदाराची वकिली करू नका.

साइट_इंजिनियर:
वकिली नाही, तांत्रिक गोष्ट सांगून राहिलो. साइड मार्जिनमध्ये, म्हणजे घराच्या कडेला सोडलेल्या मोकळ्या जागेत, टाइल्स कोणी बसवल्या? नालीवर स्लॅब टाकून पार्किंग कोणी केलं? त्या नालीतला गाळ काढायला माणूस उतरणार कुठून? प्रत्येक घरासमोर हेच आहे, आणि रस्ता मात्र गुन्हेगार.

नरेंद्रनगरवाला:
नालीवर स्लॅब नाही टाकला तर गाडी घरात नेऊ कशी? तुमचा रस्ता वर, माझं पोर्च खाली! उलट्या बोंबा मारू नका.

डागा_लेआउट_रहिवासी:
सिमेंट रोड, सिमेंट रोड. आमच्याकडे खालच्या मजल्यावर माणसाच्या उंचीएवढं पाणी होतं, लोक बोटींनी काढले. भिंत, भराव, रस्ता यांनी तेवढं पाणी येत नाही. अंबाझरीच्या सांडव्यापुढे विवेकानंद स्मारक बांधलं, खाली नदीचं पात्र आवळत नेलं, त्याची जबाबदारी कोण घेणार? प्रकरण हायकोर्टात गेलं तेव्हा कुठं हालचाल दिसली.

नरेंद्रनगरवाला:
प्रत्येक ठिकाणी अंबाझरी आणू नका. पश्चिम नागपूर बुडालं की बातमी होते, आम्ही दरवर्षी बुडतो ते कोणाला दिसत नाही.

डागा_लेआउट_रहिवासी:
आमच्या शेजारच्या आजी अंथरुणाला खिळलेल्या होत्या. दोन पोरांनी त्यांना गादीसकट जिन्यानं वर नेलं म्हणून त्या आज आहेत. बातमीची हौस आम्हाला नव्हती.

नरेंद्रनगरवाला:
आजींचं ऐकून बरं वाटलं. तुमच्याकडचं पाणी वेगळं होतं, ते मान्य. पण आमचं पाणी कमी म्हणून आमचं दुखणं खोटं ठरत नाही.

हजारीपहाड:
आमच्याकडे गोठ्यातली जनावरं दावणीलाच गेली. दावं सोडायला वेळ मिळाला नाही. कोणाच्या घरात किती फूट यावर इथे भांडण सुरू आहे ते पाहून वाईट वाटलं.

गल्लीतली_ताई:
विषय कुठल्या कुठे गेला. सिमेंट रोडचं दुखणं खरं आहे, आमच्याकडेही तेच. मार्च 2022 पासून मनपात प्रशासक होता, नगरसेवकच नव्हते, तेव्हा तक्रार न्यायची तरी कोणाकडे होती? म्हणूनच शेजाऱ्यानं शेजाऱ्याचं पाहायला हवं असं माझं म्हणणं आहे. रस्ता वर गेला म्हणून भाऊंनी प्लॉट उचलला, इथवर समजू शकते. पण भिंतीला पाण्यासाठी एक भोक ठेवायला काय हरकत होती? परवा 20 तारखेला मी छत्री घेऊन तुमच्या गेटशी उभी होते, तुम्ही वरून पाहिलं आणि खिडकी लावली. त्याचं मला पाण्याहून जास्त लागलं.

प्लॉटधारक_पश्चिम:
खिडकी पाऊस आत येत होता म्हणून लावली. तुम्ही बोलायला आल्या हे मला कळलं नाही. आणि तुमच्या गल्लीतल्या एकानं टुल्लू पंप लावून अंगणातलं पाणी माझ्या गेटसमोर सोडलं, ते का लिहिलं नाही?

गल्लीतली_ताई:
तो पंप काकांचा. तळघरात त्यांचं मीटर आहे, पाणी तिथवर पोचलं होतं. नालीचं चेंबर तुंबलेलं, मग पाणी सोडणार कुठं? तुमच्या गेटसमोर सोडलं ते चूकच, मी त्यांना सांगितलं. पण तुम्ही रस्त्याच्या अडीच फूट वर आहात, तुमच्या पायरीलाही लागलं नाही.

नाला_रोडची_सून:
ज्यांच्याकडे न्हाणीतून पाणी येतं त्यांच्यासाठी लिहिते, कारण त्याला भराव पुरत नाही. बाहेरची सांडपाण्याची गडर लाइन भरली की दाबानं पाणी उलटं घरात येतं, आणि वरच्या गल्ल्यांतून लाइन तुंबून दाब वाढला तर उंच घरातही येऊ शकतं. आम्ही बाहेरच्या चेंबरमध्ये नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवला, तो पाणी फक्त बाहेर जाऊ देतो, उलटं येऊ देत नाही. तो बसेपर्यंत जाड प्लास्टिकच्या पिशवीत रेती भरून कमोडमध्ये आणि न्हाणीच्या जाळीवर दाबून ठेवत होतो. व्हॉल्व्ह दर उन्हाळ्यात उघडून साफ करावा लागतो, नाही तर केस आणि कचरा अडकून तो मिटतच नाही. मीटर कमरेच्या वर घ्या. बाकी तुम्ही भांडा.

प्लॉटधारक_पश्चिम:
उंच घरातही येतं? मग मलाही बसवावा लागेल. व्हॉल्व्ह कुठं मिळाला?

नाला_रोडची_सून:
हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तुमच्या लाइनचा व्यास मोजून न्या, आणि गडरचा म्हणून सांगा. पाण्याच्या टाकीचा देतात, तो चालत नाही.

साइट_इंजिनियर:
प्लॉटधारक भाऊ, तुमच्या भिंतीबद्दल बोलतो. मुरूम काढायची गरज नाही. कडेच्या मार्जिनमधून रस्त्यापासून नाल्यापर्यंत नऊ इंची पाइप उतारानं टाका, दोन्ही टोकांना जाळी लावा. वरच्या गल्ल्यांचं सगळं पाणी त्यातून जाणार नाही, पण रोजच्या पावसाचं जाईल. मोठ्या पावसासाठी रस्त्याकडच्या भिंतीत खाली भोकं लागतील.

प्लॉटधारक_पश्चिम:
रस्त्याकडच्या भिंतीत भोकं पाडणार नाही. उद्या साप-विंचू घरात आले तर इथले लोक येणार नाहीत. पाइपचा विचार करतो, पण खर्च मी एकट्यानं का करायचा? पाणी तीन गल्ल्यांचं आहे.

गल्लीतली_ताई:
खर्चाचं गल्लीत बोलते. आमच्या घरचा वाटा नक्की, काकाही देतील. पण एक आताच सांगते, नाल्याकडचं तोंड तुमच्या तारेच्या कुंपणाबाहेर काढा. आत राहिलं तर जाळी साफ करायला दर वेळी तुमचं गेट वाजवावं लागेल, आणि पावसात ते कोणी उघडत नाही.

प्लॉटधारक_पश्चिम:
तोंड बाहेर काढतो. जाळी साफ करायची पाळी मात्र तुमच्या गल्लीची, आणि त्यात कोणाचा मलबा दिसला तर पाइप बुजवणार.

नरेंद्रनगरवाला:
आणि सिमेंट रोडचं काय?