मदत हवी आहे : संमतिपत्र पुढे केले की विणकर बोलेनासे होतात

कांडी
नमस्कार. मी नागपुरात समाजशास्त्रात एम.ए. करीत असून शेवटच्या सत्राच्या प्रकल्पासाठी हातमाग विणकरांच्या मुलाखती घेत आहे. आतापर्यंत चार घरी गेले आणि चारही ठिकाणी एकच अनुभव आला. सुरुवातीला गप्पा रंगतात, चहा होतो, आजोबा स्वतःहून माग दाखवायला नेतात. परंतु संमतिपत्र पुढे केले की त्यांचा चेहरा बदलतो आणि त्यानंतर प्रत्येक प्रश्नाला "हो", "नाही", "चालायचं तसंच" एवढेच उत्तर मिळते. सहीशिवाय मुलाखत ग्राह्य धरणार नाही, असे मार्गदर्शकांनी सांगितले आहे. अहवालाला १५ दिवस उरले आहेत. लोकांना बोलते कसे करावे, हे कृपया लवकर सांगावे.

गांधीबागकर
आपण वस्ती सांगितलेली नाही, विणकरांचे वय सांगितलेले नाही आणि ध्वनिमुद्रण करता की नाही, हेही लिहिलेले नाही. एवढ्या माहितीवर कोणी काय सांगावे?

जुना_वाचक
ध्वनिमुद्रण करीत असाल तर ते आधी बंद करा. एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली आणि २००२ साली बंद पडली; तिथल्या काही कामगारांच्या आठवणी मी लिहून घेतल्या आहेत. यंत्र समोर ठेवले की माणूस कोर्टात साक्ष दिल्यासारखा बोलू लागतो. फक्त वही न्यावी आणि घरी आल्यावर त्याच रात्री सगळे सविस्तर लिहून काढावे.

वऱ्हाडवाट
जुना_वाचक यांच्याशी मी मुळीच सहमत नाही. वहीत उतरवताना "मी मागावर बसून राह्यलो होतो, मले कोनी उठवलं नाही" या वाक्याचे "मी मागावर बसलो होतो, मला कोणी उठवले नाही" असे होते आणि बोलणाऱ्याचा आवाज तिथेच हरवतो. एका तासाचे बोलणे शब्दशः उतरवायला मला सहा तास लागले होते, तरीही ध्वनिमुद्रण सोडू नये, असेच माझे मत आहे.

कांडी
वस्ती तांडापेठ आणि गोळीबार चौकाच्या आसपासची आहे. विणकर ६५ ते ८० वर्षांचे आहेत. ध्वनिमुद्रणाला कोणाचीही हरकत नव्हती, हे मी आधीच लिहायला हवे होते. अडचण फक्त कागदाची आहे.

आकडेमोड
चार मुलाखतींवरून कोणताही निष्कर्ष निघणार नाही. ५० जणांकडून प्रश्नावली भरून घ्यावी आणि टक्केवारीचे तक्ते करावेत.

गांधीबागकर
हा पाहणीचा प्रकल्प नाही, आणि जे लोक एका कागदावर सही करायला कचरतात ते प्रश्नावली कशी भरतील?

ताणाबाणा
मी अशाच एका घरातली आहे. संमतिपत्रात नेमके काय लिहिले आहे, ते इथे द्याल का?

कांडी
आम्हाला ठरलेला नमुना मिळाला आहे. त्यात नाव, वय, जात व पोटजात, व्यवसाय आणि वार्षिक उत्पन्न हे रकाने असून शेवटी "वरील माहिती सत्य आहे" या ओळीखाली सही किंवा अंगठा घ्यायचा असतो. दोघांनी सही केली, दोघांनी टाळली.

ताणाबाणा
अडचण इथेच आहे. अनुसूचित जमातींच्या यादीतील "हलबा" या नोंदीत हलबा-कोष्टी, म्हणजे आमचा विणकर समाज, येत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिला. तेव्हापासून आमच्या वस्त्यांमध्ये जातीचा दाखला आणि पडताळणी ही घराघरातली धास्ती आहे. कोणाचा मुलगा नोकरीत असतो, कोणाच्या नातीचे प्रकरण पडताळणी समितीपुढे असते, आणि कोष्टी ही विणकरांची जात, म्हणून विणकामाची नोंदही आपल्याविरुद्ध जाईल, असे वाटते. अशा घरातल्या म्हाताऱ्या माणसाने जात, पोटजात आणि विणकाम हे तिन्ही एका कागदावर लिहून, "सत्य आहे" म्हणून सही करावी, अशी अपेक्षा तुम्ही करीत आहात. माझ्या वडिलांनीही ती सही केली नसती.

ते रकाने काढून टाका. तुम्ही कोण आहात, या बोलण्याचे पुढे काय करणार आहात, नाव बदलले जाईल आणि मधेच थांबायची मोकळीक आहे, एवढे त्यांच्या बोलीत सांगा आणि त्यावरचा होकार ध्वनिमुद्रित करून घ्या. ज्या दोघांनी सह्या केल्या, त्यांचे कागद आधी परत द्या. ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रश्नही मागापाशी बसूनच विचारा. धोटा (आडवा धागा नेणारे साधन) कोणी शिकवला, ताणा (उभे धागे) कोण लावायचे, कांड्या (धोट्यातल्या धाग्याच्या नळ्या) भरायला घरातले कोण बसायचे, असे विचारले की माणूस हाताने दाखवत दाखवत बोलतो.

वऱ्हाडवाट
परंतु समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीने जातच वगळली तर विणकरांचा इतिहास अर्धा राहील.

ताणाबाणा
वगळू नये. ती त्यांच्या सांगण्यात आपोआप येईल, आणि आली की "हे लिहू का?" असे विचारावे. स्वतःच्या गोष्टीत सांगितलेली जात आणि सहीखाली गोठवलेली जात यांत फार अंतर आहे.

कांडी
तोंडी संमती चालेल, मात्र काय सांगितले त्याचा मजकूर अहवालाला जोडावा, असे मार्गदर्शकांनी मान्य केले. काल दोन्ही कागद परत दिले. एका आजोबांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि पहिल्या दोन भेटींत दाराआड उभ्या राहिलेल्या आजींना हाक मारून म्हणाले, "कांड्याचं हिलेच विचारा." आजी दीड तास बोलल्या. आता एकच विचारायचे आहे. संमती आजोबांची घेतली होती. ती आजींच्या बोलण्यालाही लागू होते का?

ताणाबाणा
नाही. पुन्हा जा आणि आजींना वेगळे विचारा, शक्य असेल तर आजोबा समोर नसताना.