एकटीने स्कूटरवर सासवड ते रेडी : मैत्रिणींकडे उतरू की लॉजवर?

सासवडची_बाई

नमस्कार. मी ५० वर्षांची, जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. माझी अ‍ॅक्टिवा २०१७ची आहे, ३८ हजार किलोमीटर झालेत, गाडी उत्तम आहे. तुळशीची लग्नं उरकली की सागरी रस्त्याने श्रीवर्धनपासून थेट गोव्याच्या सीमेजवळच्या रेडीपर्यंत जायचं ठरवलंय. एकटीने. येताना आंबोली, कोल्हापूरमार्गे परत.

तीस वर्षं मी मागच्या सीटवर बसून कोकण पाहिलं. मांडीवर आधी मुलगी, मग पिशव्या. कुठे थांबायचं ते पुढचा माणूस ठरवणार. आता एकदा हँडल माझ्या हातात हवंय. घरून पूर्ण पाठिंबा आहे.

प्रश्न वेगळाच आहे. आमची १९९५ची डीएडची बॅच रत्नागिरीची. वसतिगृहात एका खोलीत आम्ही सहाजणी. त्यातल्या चौघी याच रस्त्यावर राहतात: श्रीवर्धन, गुहागर, पावस आणि मालवण. मी बेत सांगितल्यापासून रोज फोन. "लॉजवर उतरलीस तर बोलणार नाही", "रजा टाकलीय", "एक दिवस कशाला, तीन राहा". डोळ्यांत पाणी येतं खरं. पण दोन गोष्टी मनातून जात नाहीत. रोज संध्याकाळी कुणाच्या तरी घरी वेळेवर पोचायचं म्हणजे एकटीचा प्रवास उरला का? आणि नोकरी करणाऱ्या बायकांवर माझ्या हौसेचं ओझं किती टाकायचं? अनुभव असलेल्यांनी सांगावं.

जांभा७२

ताई, मी नोव्हेंबर २०१८ मध्ये हाच रस्ता स्प्लेंडरवर एकट्याने केला. तुमचा प्रश्न माझाही होता. त्याचं उत्तर मला धोपाव्याच्या चढावर मिळालं, म्हणून सविस्तर लिहितो.

गुहागरला माझा आयटीआयचा मित्र आहे. चिपळूणला आम्ही दोन वर्षं एका बाकावर होतो. त्याला सांगितलं होतं, "संध्याकाळपर्यंत येतो." बस, एवढंच. केळशीला थांबलो, आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीशी तासभर बसलो, हर्णैला मासळीचा लिलाव पाहिला. फोन करायचं मनात आलं नाही. आपण मोकळे आहोत, कुणाला हिशोब द्यायचा नाही, याच आनंदात होतो. दाभोळहून जेट्टीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने, पलीकडे धोपाव्याला उतरलो तेव्हा साडेपाच झाले होते. वाशिष्ठीची खाडी ओलांडायला काही मिनिटं लागतात, तेच रस्त्याने जायचं तर खेड-चिपळूणवरून शंभर किलोमीटरच्या वर फेरा पडतो. मी खुशीत होतो.

जेट्टीवरून वर चढ लागतो. अर्ध्या चढावर क्लचची केबल तुटली. जवळ जादा केबल नाही. मोबाइलला रेंज नाही. सामान बांधलेली गाडी ढकलत वर न्यायला लागलो. अंधार पडला. दोन्ही बाजूंना गवत, रस्त्यावर माणूस नाही.

पाऊण तासाने समोरून एक दिवा आला. माझा मित्र. काळजी वाटली म्हणून त्याने धोपाव्याच्या जेट्टीवर ओळखीच्या माणसाला फोन केला होता. तो म्हणाला, "एमएच १२ची लाल गाडी साडेपाचला उतरली." साडेपाचला उतरलेला माणूस सव्वासहापर्यंत घरी यायला हवा. साडेसहाला मित्र बाहेर पडला, आणि वाटेत गॅरेजवाल्याला उठवून क्लचची नि अ‍ॅक्सिलरेटरची अशा दोन्ही केबली घेऊन आला. काय तुटलं असेल ते त्याला माहीत नव्हतं, म्हणून दोन्ही. मी मोबाइलचा उजेड धरला, त्याने रस्त्यावर बसून केबलचं डोकं लिव्हरच्या खाचेत बसवलं, खालचं नट आवळलं. एका शब्दाने बोलला नाही मला.

घरी पोचलो तेव्हा त्याची आई पडवीत बसली होती. वय ७८. अंगणात वाळत घातलेली सुपारी गोळा करून झाकली होती, पण स्वतः आत गेली नव्हती. म्हणाली, "ऊन पाणी काढलंय, आधी आंघोळ कर." कुळथाचं पिठलं, भात, पोह्याचा पापड. माझं पान वाढून झाल्यावर तिने स्वतःचं वाढून घेतलं तेव्हा मला कळलं, ती दुपारच्या चहावर होती. पाहुणा वाटेवर असताना जेवायचं नाही, हा तिचा नियम. मी हर्णैला लिलाव बघत होतो तेव्हा ती दारात बसायला लागली असणार.

म्हणून माझं मत: मैत्रिणींकडेच उतरा. पण अमुक वाजता येते असं सांगू नका, "पाच ते आठच्या मध्ये, आणि शेवटच्या जेट्टीवरून फोन करीन" असं सांगा. मग मधला दिवस पूर्ण तुमचा. मी त्या दिवसानंतर प्रत्येक जेट्टीवर उतरलो की आधी फोन केला आणि मग किक मारली. माझं एकटेपण त्याने कणभर कमी झालं नाही. तवसाळहून जयगडला जाताना तर बोटीत माझी एकच गाडी होती. शास्त्रीची खाडी, मी आणि दोन खलाशी.

ती माउली आता नाही. मी गुहागरला अजून जातो.

घाटवाट_कोल्हापूर

वरचा प्रतिसाद वाचून गलबललं. ताई, मी स्वतः स्कूटरवर फिरते, म्हणून बाईच्या नजरेतून थोडं.

ओझ्याबद्दल तुम्ही बरोबर विचार करताय. मित्राकडे उतरतो तेव्हा आग्रह मित्र करतो, राबते त्याची बायको. मैत्रिणीकडे उतरलो तर कधी मैत्रीण, कधी तिची सून. मी एकदा एका घरी तीन दिवस राहिले. मैत्रिणीच्या सुनेने पहाटे उठून माझ्यासाठी घावणे केले, नारळाचा रस काढला, आणि ती आठला कामावर गेली. मला तिचं नावसुद्धा दुसऱ्या दिवशी कळलं. फार लाज वाटली. तेव्हापासून मी निघायच्या आधी घरात चूल सांभाळणाऱ्या बाईला स्वतः फोन करते. "मी अमुक दिवशी येतेय, रात्री वरणभात पुरे, सकाळी चहा घेऊन निघेन." एका रात्रीच्या वर राहत नाही. आणि उठल्यावर अंथरुणाची घडी घालून, स्वयंपाकघरात जाऊन नारळ खवायला बसते. पाहुणी म्हणून सोफ्यावर बसवतात ना, तिथून उठायचं.

पावस आणि मालवण यांच्यामध्ये एक रात्र विजयदुर्गाला किंवा देवगडला लॉजवर काढा. मनासारखं एकटीने जेवा, झोपा. तेवढी जागा स्वतःला हवीच. मैत्रिणींना आधी सांगून ठेवलं की रुसत नाहीत.

गाडीचं: टाकीत पाचेक लिटर बसतं, म्हणजे दोनशे किलोमीटर धरून चाला, पण अर्धी झाली की पंप दिसेल तिथे भरा. पाय ठेवायच्या जागेत बॅग ठेवू नका, उतारावर पाय टेकवायला अडचण होते. पाऊस संपल्यावर कडेचा गाळ वळणावर आलेला असतो, सकाळी दवाने तो निसरडा होतो.

आचरेकर

जेट्टीबद्दल एक महत्त्वाचं. बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा तीन तुम्हाला लागतील. शेवटची फेरी किती वाजता ते आदल्या दिवशी मैत्रिणीलाच विचारायला सांगा. ओहोटीला धक्क्याचा खालचा भाग उघडा पडतो, तिथे शेवाळ असतं. स्कूटरची चाकं लहान, घसरतात. गाडी बंद करून उतरा आणि खलाशाला म्हणा, "दादा, मागून धरा." कुणी नाही म्हणत नाही. पूर्णगडपासून खाली सगळीकडे पूल आहेत.

पावस ते जैतापूर कातळाचा सडा, म्हणजे उघडं पठार आहे. झाड नाही, सावली नाही. सकाळी लवकर निघा, पाणी भरपूर घ्या.

मालवणात मैत्रिणीकडे असाल तेव्हा एका वेळेला आमच्याकडे आचऱ्यास थांबा, रस्त्यावरच आहे. माझी आय घराकडे असता. ती तुम्हाला म्हणणार, "वायच पेज जेव, मगे जा." तिला नाही म्हणू नका.

सासवडची_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. जांभादादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला, दुसऱ्यांदा यांना मोठ्याने वाचून दाखवला.

काल रात्री चारही घरी फोन केले. गुहागरच्या मैत्रिणीची सासू ८१ वर्षांची आहे, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. त्यांच्याशीच बोलले. म्हटलं, मी पाच ते आठच्या मध्ये येईन, धोपाव्याहून फोन करीन, तुम्ही मात्र जेवून घ्या. त्या म्हणाल्या, "बरं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "फोन कर हो. मी इथेच असेन."

क्लच माझ्या गाडीला नाही, पण अ‍ॅक्सिलरेटरची आणि ब्रेकची जादा केबल आज आणली. सीटखाली ठेवलीय.